१४०० अंशांच्या रसात पोलादाचं भंगार वितळतं की विरघळतं?

शिरोली_मेल्टिंग

५०० किलोची मिडियम फ्रिक्वेन्सी इंडक्शन भट्टी, ३५० किलोवॅट. माल ग्रे आयर्न (जास्त कार्बनचं ओतीव लोखंड). चार्जिंगमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) निम्मं पोलाद (एमएस म्हणजे मऊ पोलादाचं कटिंग आणि सीआरसीए म्हणजे थंड लाटलेले पातळ पत्रे), बाकी रनर-रायझर (कास्टिंगच्या वाटांचं परत आलेलं लोखंड) आणि थोडं पिग (ब्लास्ट फर्नेसचं कच्चं लोखंड).

मऊ पोलाद १५०० अंशांच्या पुढे वितळतं असं पुस्तक सांगतं. पण पायरोमीटर (रसाचा तापमापक) १३८० ते १४०० दाखवत असताना सीआरसीएचे पत्रे बघता बघता दिसेनासे होतात. त्याच रसात (पातळ लोखंडात) ४० मिमी जाडीच्या प्लेटचे तुकडे मात्र रेंगाळतात, आणि टॅपिंगच्या (रस ओतून घेण्याच्या) आधी सळई फिरवली की तळाशी खट्ट लागतात. अशा हीटचा (भट्टीच्या एका खेपेचा) कार्बनही कधी वर, कधी खाली. इथे तापमान वाढवावं, वेळ द्यावा, की चार्जिंगचा क्रम बदलावा?

लोहरस

क्रम बदला. तापमानाचं नंतर बघू.

तुमच्या भट्टीत पोलाद मुख्यतः विरघळतं. मीठ ८०१ अंशांना वितळतं, पण आमटीत टाकलं तर आमटी ८०१ ला न्यावी लागत नाही. तसंच हे. शुद्ध लोखंडाचा वितळणबिंदू १५३८ अंश. त्यात कार्बन मिसळत गेला की तो उतरत जातो आणि ४.३ टक्के कार्बनला ११४७ अंशांवर येतो. १४०० अंशांना साधारण २ टक्के कार्बन असलेलं लोखंड पूर्ण पातळ असतं, १३०० ला त्यासाठी ३ टक्क्यांच्या आसपास लागतो. म्हणजे ०.१५ टक्के कार्बनच्या पोलादाच्या कातडीला रसातून कार्बन मिळाला, की ती कातडी १४०० लाच सुटते. मग तिच्या आतली कातडी, मग तिच्या आतली.

पण त्याआधी एक टप्पा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. थंड तुकडा रसात पडला की आधी तो जाड होतो. आजूबाजूचा रस त्याच्यावर गोठून कवच धरतो. हिशोब करून बघा: १ किलो थंड पोलाद १४०० पर्यंत न्यायला ९५० किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. १ किलो रस १४०० वरून १२०० वर, म्हणजे गोठायच्या उंबरठ्यावर आला, तर त्यातून फक्त १७० किलोज्यूल सुटतात. एका किलो थंड भंगारासाठी साडेपाच किलो रसाची सगळी जास्तीची उष्णता संपते. कवच असेपर्यंत पोलादाला कार्बनचा स्पर्शच होत नाही. कवच परत वितळलं की खरं विरघळणं सुरू.

पातळ पत्र्याचं कवच काही सेकंदांत जातं, आणि पत्र्याला दोन्ही बाजूंनी पृष्ठभाग भरपूर. ४० मिमीच्या तुकड्याला गाभा तापायलाच वेळ लागतो (हा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो), आणि पुढे विरघळायला जाडीच्या प्रमाणात आणखी. म्हणून तो तळाशी बसतो. घन पोलाद रसापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे वरून काही कळत नाही.

कूपन_आणि_नायटल

लोहरस यांनी जे लिहिलं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर १६ किंवा २० मिमीची एमएस सळई पूर्ण वाळवून, टोक लालसर तापवून, रसात थोडा वेळ धरा आणि बाहेर काढून थंड करा. टोक पेन्सिलीसारखं निमुळतं झालेलं दिसतं आणि कड खडबडीत असते. वितळलेल्या धातूचा गोल थेंब टोकाला नसतो. ते टोक उभं कापून, पॉलिश करून नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावाने) एच करा, म्हणजे आतली रचना उघडी पडते. मध्यभागी नेहमीचं मऊ पोलाद, पांढऱ्या फेराइटमध्ये (जवळपास शुद्ध लोखंड) थोडं करडं परलाइट (फेराइट आणि सिमेंटाइटचे पातळ थर). बाहेर येताना परलाइट वाढत जातं, मग कणांच्या सीमांवर सिमेंटाइटची (लोखंड-कार्बनच्या कठीण संयुगाची) जाळी, आणि अगदी बाहेर चिकटून आलेला ओतीव लोखंडाचा पांढरा थर. सगळा बदल एक मिलिमीटरच्या आत उरकलेला असतो. कार्बन घन पोलादात खोल शिरायच्या आत तो थर रसात निघून जातो, म्हणून पट्टा इतका अरुंद. गाभ्याला शेवटपर्यंत कार्बनचा पत्ता नसतो.

शिरोली_मेल्टिंग

म्हणजे वेग रसातल्या कार्बनवर ठरतो?

लोहरस

रसातला कार्बन वजा त्या तापमानाला पातळ राहायला लागणारा कार्बन, हा फरक म्हणजे ओढ. १४०० ला रसात ३.३ टक्के असेल तर ओढ १.३ ची. रसात २.३ च असेल तर ओढ ०.३ वर येते, आणि तोच तुकडा कितीतरी पट वेळ घेतो. रसात १.८ टक्केच कार्बन असेल तर १४०० ला तो रसच धड पातळ नसतो, लापशीसारखा होतो. मेल्टरला वाटतं पॉवर कमी पडली. खरं तर भट्टीत पोलाद पुढे गेलं आणि कार्बन मागे राहिला.

दुसरी गोष्ट ढवळण्याची. तुकड्याला लागून रसाचा एक पातळ थर जवळपास स्थिर असतो आणि कार्बनला त्यातून वाट काढावी लागते. रस जितका फिरेल तितका तो थर पातळ. इंडक्शन भट्टीत मधोमध फुगवटा येतो तो याच फिरण्याचा. तेवढ्याच पॉवरला फ्रिक्वेन्सी कमी असेल तर ढवळणं जास्त. भट्टी भरली म्हणून पॉवर ३० टक्क्यांवर आणून वाट बघत बसलं तर तळचे तुकडे तळीच राहतात.

जालना_पोलाद

आमच्याकडे जालन्यात सळईसाठी बिलेट (पोलादाचे ओतीव ठोकळे) होतात. भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेलं लोखंड), शेवटचा कार्बन ०.२ च्या आसपास. तिथे ही विरघळण्याची मदत जवळजवळ मिळत नाही. रसातच कार्बन नाही तर तुकड्याला देणार काय? सगळं काम उष्णतेनेच होतं, म्हणून टॅपिंग १६०० च्या पुढे. ग्रे आयर्नवाल्यांनी आमच्या मेल्टरचा सल्ला घेऊन तापमान चढवू नये आणि आम्ही तुमचा घेऊन उतरवू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

कन्व्हर्टर_फ्लोअर

एलडी कन्व्हर्टरमध्ये (ब्लास्ट फर्नेसच्या रसात ऑक्सिजन फुंकून पोलाद करायच्या भांड्यात) हे दोन्ही प्रकार एकाच हीटमध्ये दिसतात. (पद्धत ऑस्ट्रियात लिंझला १९५२ मध्ये सुरू झाली, भारतात आधी राउरकेल्याला आली.) ब्लास्ट फर्नेसचा रस ४ ते ४.५ टक्के कार्बनचा, भंगार साधारण १५ ते २५ टक्के. सुरुवातीला रस १३०० च्या घरात, भंगारावर कवच. ते गेलं की कार्बनच्या ओढीने विरघळणं. पण ऑक्सिजन फुंकला जात असल्यामुळे रसातला कार्बन मिनिटागणिक उतरतो, ओढ संपत जाते, आणि तोवर तापमान १६०० च्या पुढे चढून उरलेलं काम वितळण्याने होतं. खूप जाड भंगार असेल तर ते या दोन्हीच्या मधे अडकतं. शेवटी नमुना घेताना ते तळाशीच असतं, मग तापमान आणि कार्बन दोन्ही फसवे येतात. शिरोलीच्या भट्टीतल्या खट्ट आवाजाचं हेच मोठं रूप.

चार्ज_शीट

शिरोली, तुमच्या ५०० किलोचा हिशोब मांडतो. लक्ष्य कार्बन ३.३५, इनॉक्युलेशनआधी (ओतताना ग्राफाइटला बीजं देणारी भर टाकण्याआधी) सिलिकॉन १.८.

पोलाद २५० किलो, कार्बन ०.१५ टक्के: ०.३७५ किलो.
रनर-रायझर, म्हणजे रिटर्न, २०० किलो, ३.३५ टक्के: ६.७ किलो.
पिग ५० किलो, ४ टक्के: २ किलो.
एकूण ९.०७५ किलो. हवा १६.७५ किलो. तूट ७.६७५ किलो.

कार्ब्युरायझर (रसाचा कार्बन वाढवायचा दाणा) ९८.५ टक्के कार्बनचा, उतारा (टाकलेल्यातला रसात मुरणारा भाग) ८८ टक्के धरला तर ७.६७५ भागिले ०.८६७, म्हणजे ८.८५ किलो.

सिलिकॉन: पोलादातून ०.५, रिटर्नमधून (२ टक्के) ४, पिगमधून (१.८) ०.९. एकूण ५.४ किलो, हवा ९. तूट ३.६. ७० टक्क्यांचं फेरोसिलिकॉन, उतारा ९० टक्के: ५.७ किलो.

आता क्रम, कारण धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे.

तळाला आधी रिटर्न, ४० ते ५० किलो, छोटे तुकडे, घट्ट बसवून. हे सगळ्यात आधी वितळतात (साधारण १२०० ला) आणि तळी कार्बन असलेला रस तयार होतो. त्यावर कार्ब्युरायझर, एकूण मापाच्या दोन-तृतीयांश, ६ किलो. थेट लाइनिंगच्या (भट्टीच्या आतल्या सिलिकाच्या अस्तराच्या) तळावर ओतू नका, तिथे चिकटून बसतो आणि सिलिकाशी झटतो. त्यावर पातळ पोलाद. जाड प्लेटचे तुकडे भट्टी तिसरा हिस्सा भरल्यावर, रसात बुडतील तेव्हा, एकावेळी २५ ते ३० किलोपेक्षा जास्त नाही. ३५० किलोवॅटपैकी २५० च्या आसपास धातूत पोचतात असं धरलं तर ३० किलो थंड पोलाद नुसतं तापवायलाच दोन मिनिटं जातात. त्याआधी पुढची पाटी टाकली तर कवचावर कवच. उरलेला कार्बन भट्टी अर्धी होईपर्यंत थोडा थोडा, पोलादाबरोबर. पिग आणि उरलेले रिटर्न शेवटच्या तिसऱ्या हिश्शात. फेरोसिलिकॉन सगळ्यात शेवटी, कारण १ टक्का सिलिकॉन रसाची कार्बन घ्यायची क्षमता जवळपास ०.३ टक्क्याने कमी करतो. आधी सिलिकॉन टाकणारा स्वतःच कार्बनची वाट अडवतो.

शिरोली_मेल्टिंग

कार्बन कमी आला तर शेवटी वरून टाकतो, पण तो तरंगत राहतो आणि स्लॅगबरोबर (रसावरच्या मळीबरोबर) निघतो. उतारा निम्माही मिळत नाही.

चार्ज_शीट

वरून टाकायच्या आधी स्लॅग पूर्ण काढलेला पाहिजे, आरशासारखा रस दिसेपर्यंत. ग्राफाइटचा दाणा स्लॅगच्या थराला चिकटला तर त्याला रस भेटतच नाही. पॉवर वर ठेवा म्हणजे मधला फुगवटा फिरता राहील, आणि दाणा काठाकडे टाका, रस तिथून खाली ओढून नेतो. चार्जिंगमध्ये १ ते ५ मिमीचा दाणा चालतो. शेवटच्या दुरुस्तीला त्याहून बारीक घ्या, पण भुकटी नको. भुकटी धुराच्या ओढीबरोबर उडून जाते आणि हिशोबात मात्र भट्टीत गेल्याची नोंद राहते.

लोहरस

एक भर. रसात गंधक जास्त असेल तर तोही कार्बनचं विरघळणं मंद करतो, दाण्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. गंधक वाढवायचा असेल तर कार्बन पूर्ण मुरल्यावर.

क्युपोला_ते_कॉइल

क्युपोलात (कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत) पोलाद टाकताना ही कसरत नव्हती त्याचं कारणही हेच. वितळलेल्या पोलादाचे थेंब तापलेल्या कोकवरून ओघळत खाली यायचे आणि वाटेतच कार्बन घ्यायचे. कोक इंधनही होता आणि कार्ब्युरायझरही. कॉइल (इंडक्शन भट्टीचं विजेचं वेटोळं) फक्त उष्णता आणि ढवळणं देते, कार्बन मापून द्यावा लागतो. भट्टी बदलून चार्जिंगची सवय तीच ठेवली की कमी कार्बनची तक्रार येतेच.

टॅप_१५२०

एवढं करण्यापेक्षा १५२० पर्यंत चढवून दहा मिनिटं धरलं तर जाड-पातळ सगळं एक होतं. सोपं.

रिफ्रॅक्टरी_सांगली

एक होतं, पण किंमत लाइनिंग आणि कास्टिंग देतात. लाइनिंग सिलिकाचं आहे. १४०० ते १४२० च्या पुढे रसातला कार्बन त्या सिलिकातला ऑक्सिजन ओढायला लागतो: कार्बन जातो कार्बन मोनॉक्साइड होऊन, सिलिकॉन रसात उतरतो. म्हणजे चार्ज शीटवर मोजून टाकलेला कार्बन कमी होतो, न टाकलेला सिलिकॉन वाढतो, आणि हा सिलिकॉन भट्टीच्या भिंतीतून आलेला असतो. त्या तापमानाखाली उलट: आधी सिलिकॉन जळतो, कार्बन वाचतो. म्हणून विरघळण्याचं काम १३८० ते १४२० च्या पट्ट्यात संपवायचं आणि टॅपिंगच्या तापमानाला शेवटची पाच-सात मिनिटंच चढायचं.

शिवाय १५०० च्या पुढे धरून ठेवलेला रस ग्राफाइटला रुजायला लागणारी बीजं गमावतो. रासायनिक विश्लेषण बरोबर येतं आणि पातळ कडांना चिल (कडक, ठिसूळ पांढरं लोखंड) येतो. मशिन शॉपमध्ये टूल तुटायला लागलं की दोष सँडला दिला जातो.

आता जाड आणि लांब भंगाराबद्दल, आणि हे चार्जिंग करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. ५०० किलोच्या भट्टीचा आतला व्यास साधारण ४० सेंटिमीटर. त्यात ३० सेंटिमीटरचे आडवे तुकडे टाकले तर ते एकमेकांत अडकून छत धरतात. खाली रस आणि मधे पोकळी. सगळी पॉवर खालच्या थोड्या रसात जाते. सिलिका १७१३ अंशांना वितळतं, आणि छताखाली रस तिकडे किती लवकर पोचतो हे वरून दिसत नाही, कारण पायरोमीटर तिथे जातच नाही. लाइनिंग खाल्लं की रस कॉइलपर्यंत, कॉइलमध्ये पाणी, आणि मग स्फोट.

खुणा: विजेची युनिट्स पडत आहेत पण वरचा माल खाली सरकत नाही. सळईने ढोसलं तर पोकळ वाटतं. तळाकडून फार पांढरा उजेड फटीतून दिसतो. ग्राउंड लीकेजचा (कॉइलकडून जमिनीकडे गळणाऱ्या विजेचा) आकडा चढतो.

करायचं काय: पॉवर लगेच बंद. वर आणखी भंगार टाकायचं नाही. समोर उभं राहून पहारीने घाव घालायचा नाही. माणसं मागे घ्यायची. भट्टी हळू कलती करून खालचा रस छताला भिडवायचा, त्याच उष्णतेने आणि कार्बनने छताला भोक पडतं. मग सरळ करून कमी पॉवरवर पुढे. भोक पडत नसेल तर बंद ठेवून गोठू द्यायचं, कूलिंगचं पाणी चालू ठेवून. गोठलेली भट्टी खोदता येते.

टाळायचं असेल तर कोणताही तुकडा व्यासाच्या निम्म्याहून लांब नको, तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल तर उत्तम. गॅस कटरचा खर्च लाइनिंगच्या खर्चापुढे काहीच नाही.

पावसाळी_यार्ड

जूनपासून कोल्हापूरकडे उघड्यावरचं भंगार म्हणजे ओलं भंगार. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट होतं. रसाच्या वर पाणी पडलं तर ते तडतडून जातं. पण रसात बुडणाऱ्या तुकड्याच्या पोकळीत पाणी असेल तर रस उडतो. सीआरसीएचे दाबलेले गठ्ठे यात सगळ्यात फसवे: बाहेरून वाळलेले, घड्यांमध्ये ओले. गठ्ठे शेडमध्येच, जमिनीपासून उचलून. आणि रस असलेल्या भट्टीत ओल्याचा संशय असलेला माल थेट नाही, आधी तापवून.

बंद पाइप, शॉकॲब्सॉर्बर, सिलिंडर, दोन्ही टोकं चेपलेली नळी: एकही नको. कापून, आरपार उजेड दिसेल असं करूनच.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचंही बघा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पांढरा धूर मेल्टरच्या छातीत जातो आणि संध्याकाळी थंडी-ताप भरतो. तीच वाफ लाइनिंगमध्ये शिरून कॉइलकडच्या थंड भागात गोठते आणि ग्राउंड लीकेज दाखवते. रंगीत भंगारातून शिसं आलं तर अगदी अल्प प्रमाणातही ग्राफाइटचा आकार बिघडतो आणि ताकद उतरते.

चार्ज_शीट

पोलाद वाढवलं की आणखी दोन हिशोब बदलतात. पहिला नायट्रोजनचा. पोलाद आणि हलक्या प्रतीचा पेट्रोलियम कोक, दोन्हीतून तो येतो. ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) पुढे ग्रे आयर्नच्या जाड भागात बारीक चिरांसारखी छिद्रं दिसायला लागतात, मशिनिंग झाल्यावरच कळतात. कमी नायट्रोजनचा ग्राफाइटाइज्ड कार्ब्युरायझर घ्या, किंवा फेरोटायटॅनियमची अगदी मापून भर.

दुसरा गंधकाचा. पोलाद आणि ग्राफाइटच्या चार्जमध्ये तो ०.०३ वर येतो आणि इनॉक्युलंट नीट धरत नाही. ग्रे आयर्नला ०.०६ ते ०.०८ बरा. ०.०३ वरून ०.०७ ला न्यायला ५०० किलोत २०० ग्रॅम गंधक, म्हणजे साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आयर्न पायराइट. मग मँगेनीज १.७ गुणिले गंधक अधिक ०.३, म्हणजे ०.४२ च्या आसपास हवं. एसजी आयर्नला (गोल ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाला) हा परिच्छेद लागू नाही, तिथे गंधक जितका कमी तितका बरा.

क्युपोला_ते_कॉइल

तुमच्या वरच्या हिशोबात एक सुटलंय. ५०० किलो पूर्ण नवा माल धरलात. शिरोलीकर ७५ किलो हील (आधीच्या हीटचा भट्टीतच राखलेला रस) ठेवत असतील तर त्या हीलमध्ये कार्बन आधीच बरोबर आहे. नवा माल ४२५ किलो, कार्ब्युरायझर साडेसात किलो. ८.८५ टाकला तर कार्बन जवळपास ०.२३ ने वर, म्हणजे ३.५८. "कधी वर, कधी खाली" यातलं वर बहुतेक इथून येत असावं: हील असलेल्या आणि नसलेल्या हीटला एकच माप.

चार्ज_शीट

बरोबर. शीटवर दोन वेगळे रकाने हवेत.

शिरोली_मेल्टिंग

हील ठेवतो, पण माप एकच होतं. आता खाली येणाऱ्याचं सांगा. सीई कपचा (नमुना गोठताना त्यातला कार्बन आणि सिलिकॉन सांगणाऱ्या कपाचा) आकडा बरोबर दिसतो आणि कास्टिंगचा कार्बन कमी निघतो.

कूपन_आणि_नायटल

नमुना काढला तेव्हा पोलाद तळाशी शिल्लक होतं. कपात येतो तो फक्त पातळ झालेला रस. त्यात सगळ्या मापाचा कार्बन आहे, पण सगळं लोखंड अजून नाही, म्हणून आकडा फुगलेला. उलट ग्राफाइट मुरायचं राहिलं असेल तर आकडा कमी दिसतो, आणि घाईने भर टाकली की नंतर वर जातो.

ओळखायचं असं. १४०० च्या आसपास सळईने तळ चाचपून घ्या, स्लॅग काढा, पहिला कप भरा. तापमान तेवढंच ठेवून, पॉवर ढवळण्यापुरती चालू ठेवून चार मिनिटांनी दुसरा. कार्बन आणि सिलिकॉन दोन्ही उतरले तर पोलाद अजून विरघळतंय, थांबा. कार्बन चढला आणि सिलिकॉन जागेवर, तर ग्राफाइट मुरतंय, भर टाकू नका. कार्बन उतरला आणि सिलिकॉन चढला, तर तुम्ही समजता त्यापेक्षा रस गरम आहे आणि लाइनिंग देतंय, पायरोमीटरची टिप बदलून परत मोजा. दोन्ही जागेवर असतील तरच दुरुस्तीची भर, आणि भर टाकल्यावर पुन्हा एक कप.